थंड ताट

“भंडारी, आज शेगडी पेटवू नको,” कॅप्टन भरूचा गॅलीच्या, म्हणजे जहाजावरच्या स्वयंपाकघराच्या, दारात उभे राहून म्हणाले. “मला थंड ताट पायजे. दुपारी किनाऱ्यावरून तीन माणसं येतात.”

मी कांदा चिरत होतो. सुरी खाली ठेवली. “थंड म्हणजे काय करू, साहेब?”

“अरे, इथले लोक करतात ना तसं. लाकडाच्या फळीवर सगळं मांडायचं. मांसाचे पातळ काप, चीज, लोणचं, मुरंबा. माणसं गप्पा मारत उचलून खातात.”

“मांस...” मी म्हटलं आणि थांबलो.

“ते नाय. आपल्या खोलीतलं काय पण काढू नको.” त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “एजंटला सांगितलंय मी. तो बाहेरून सगळं पाठवतो, इथलंच, दक्षिणेकडचं. तू फक्त मांड.”

आमचं जहाज अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सवाना बंदरात लागलं होतं. समुद्र सोडून नदीतून बरंच आत यावं लागतं. दोन्ही काठांना दलदल आणि उंच गवत. हवा अशी की अंगातला सदरा पिळून काढावा. मी त्या जहाजावर स्वयंपाकी होतो. नाव भिवा असगोलकर, पण जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात, म्हणून नावानं हाक मारणारे दोघंच होते. एक टंडेल इब्राहिम परकार, दापोलीकडचा. दुसरा जनार्दन, आमचा सारंग. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, टंडेल त्याच्या हाताखालचा. तो माझ्या धाकट्या बहिणीचा, सुलूचा नवरा.

जना मीट रूममध्ये होता.

जहाजावर माणूस गेला आणि बंदर लांब असलं, तर त्याला ठेवायला दुसरी जागा नसते. गॅलीला लागूनच थंड खोल्या असतात, एक मांसाची, एक मासळीची, एक भाजीची. आम्ही मांसाची खोली रिकामी केली, सगळं मासळीच्या खोलीत रचलं आणि जनाला कॅनव्हासमध्ये शिवून तिथं ठेवलं. त्या दिवसापासून जहाजावर कोणी मांस मागितलं नाही. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सगळे आपोआप वरण-भातावर आले. पंजाबी इंजिनियर, जो बोकड एकटा संपवेल, तोसुद्धा ताट पुढं करून म्हणायचा, “दाल दे दो, भंडारी. दाल अच्छी है.”

दूध आणि लोणी काढायला मला तिथूनच जावं लागायचं. मी जाताना म्हणायचो, “जना, लोणी घेतो रे.” एवढंच. डोळे भरतील असं वाटायचं, पण काही व्हायचं नाही. लोणी घेऊन यायचो, दार लावायचो, कणीक मळायचो.

“ऐक,” कॅप्टन म्हणाले. “इथला सरकारी डॉक्टर येतो, एजंट येतो, आणि आपल्या कंपनीचा इथला माणूस येतो. सारंगचं काय करायचं ते आज ठरणार. डॉक्टर बोलतो, सोमवारच्या आधी कागद देत नाय. आपण उद्या दुपारच्या भरतीला सुटतो. कंपनी बोलते, मग इथंच पुरून टाका.”

“पुरायचं?”

“मी नाय बोलत, कंपनी बोलते.”

“साहेब, तो घरी गेला पाहिजे. सुलूला तोंड दिसलं पाहिजे.”

“म्हणून तर सांगतो ना, साला! ताट चांगलं लाव. माणसं खायला बसली तर थोडी नरम होतात. मग मी बोलतो.” ते वळले, पुन्हा थांबले. “आणि घरी गेला तरी पेटी एकटी जाईल. तुला सोडता येणार नाय. कुक सोडला तर ही सगळी माणसं काय खाणार? तुला कळतं ना?”

“कळतं.”

मला खरंच कळत होतं. त्या दिवसांत मला सगळं कळायचं, फक्त लागत काही नव्हतं.

थोड्या वेळानं इब्राहिम शिडीवरून एक मोठी वेताची टोपली खांद्यावर घेऊन आला. धापा टाकत त्यानं ती ओट्यावर ठेवली.

“ही घे. मिशनची गाडी आली होती खाली. ड्रायव्हर बोलला, कुकसाठी.”

खलाशांसाठी चर्चच्या लोकांनी बंदराजवळ एक घर चालवलं होतं. तिथं फोन करता यायचा, कॅरम खेळता यायचा. त्याला आम्ही मिशन म्हणायचो. बंदरातली जहाजाची कामं बघणाऱ्या एजंटानं सामान त्यांच्या गाडीतून पाठवलं असेल, असं मला वाटलं. जहाजावर खाण्याचं जे काही चढतं, ते भंडाऱ्याच्याच नावानं चढतं. शेळ्या चढल्या तरी त्या भंडाऱ्याच्या नावानं. त्यामुळं मला त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

टोपलीवरचं कापड काढलं. आत बरण्या, पुडे, फडक्यात बांधलेलं एकेक. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक बरणी उघडून वास घेतला. एकीत पीचचा मुरंबा. एकीत पिवळं चीज किसून त्यात लाल मिरची कालवलेली, आपण चटणी कालवतो तशी. डुकराच्या मांसाचा एक तुकडा, मीठ लावून धुरावर सुकवलेला, लाकडासारखा कडक. जाड, मऊ पाव, त्याला तिकडं बिस्किट म्हणतात. पेकान म्हणून अक्रोडासारखा मेवा. आणि एका उंच बरणीत भेंड्या.

“अरे, ही भेंडी बघ!” इब्राहिम बरणी उजेडात धरून म्हणाला. “उभी केलीय सगळी. परेडला निघाल्यासारखी.”

“लोणचं आहे. सिरका आहे त्यात.”

“भेंडीचं लोणचं? आमची अम्मी बघेल तर बेशुद्ध पडेल.” त्यानं तळाचा पुडा उघडला आणि नाकाजवळ नेला. “भिवा. शेंगा.”

मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा होत्या, सालीसकट, अजून ओल्या. इब्राहिमनं एक दाबली, पाणी चोखलं, दाणे खाल्ले. “आपल्यासारख्याच. मीठ जास्त हाय.” त्यानं दुसरी माझ्यापुढं धरली.

“नको. हे वरच्या लोकांचं आहे.”

“एक शेंग मोजणार हाय काय तुझा एजंट?”

“नको रे.”

तो बटाट्याच्या खोक्यावर बसला. मांसाच्या तुकड्याकडं बोट दाखवून म्हणाला, “त्याला माझा हात लागायचा नाय, ता तूच काप. बाकी काय ता सांग.” मग जरा वेळानं, “भिवा, एक बरं झालं. आज तरी तुझी चूल बंद हाय.”

मी टोपलीवरच्या कापडाची घडी घातली.

“तुमच्यात घरात मयत झालं की चूल पेटवत नाय ना? आमच्यातपण नाय. आजूबाजूचे आणून देतात.”

“कडू घास म्हणतात आमच्यात. नात्यातलं नाहीतर शेजारचं माणूस पिठलं-भाकरी घेऊन येतं आणि घरच्यांना खायला लावतं.”

“आणि तू बसलायस सगळ्यांना रांधून घालीत.”

“जहाजावर कोण येणार घास घेऊन? आणि मी चूल बंद केली तर तुम्ही काय खाल?”

“आम्ही काय, आम्ही पाव खाऊ,” इब्राहिम म्हणाला. “तू काय खाल्लंस, त्या दिवसापासून?”

“चहा.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी फळी घेतली. पोळ्या लाटायची ती फळी जनानंच मला रंधून दिली होती, मालाच्या खोक्यांच्या लाकडातून. मी ती पुसली आणि मांडायला लागलो.

मांस इतकं कडक होतं की सुरीला धार लावावी लागली. कागदासारखे काप काढले आणि एकावर एक कलते ठेवले, कौलांसारखे. मधोमध चीजचा गोळा वाटीत. बिस्किटं अर्धी करून एका कडेला. भेंड्या लांबट बशीत आडव्या. मुरंबा काचेच्या वाटीत, चमच्यासकट. पेकान मोकळ्या जागांत पसरले. उकडलेल्या शेंगांना जागा कुठं द्यावी कळेना. ओल्या, सालीच्या, साहेबलोक कशा खाणार? मग एका वाडग्यात भरून कोपऱ्यात ठेवल्या. हात चालत होते. डोक्यात काही नव्हतं. एक काप जरा वाकडा गेला तो मी पुन्हा सरळ केला, आणि वाटलं, हा सरळ राहिला तर जना घरी जाईल. असं वाटल्याचं मला आजही आठवतं.

दुपारी तिघं वर आले. एजंट जाडजूड, हसरा, घामानं ओला. कंपनीचा माणूस बारीक, चष्मेवाला. डॉक्टर म्हातारा, पांढऱ्या मिशा, हातात कागदांची पिशवी. मी फळी दोन्ही हातांनी उचलून कॅप्टनच्या जेवणखोलीत नेली आणि टेबलावर ठेवली.

“वा!” एजंट म्हणाला. “हे तर आमच्या घरचं जेवण आहे! कॅप्टन, हे मिळालं कुठं तुम्हाला?”

कॅप्टननी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “तुम्हीच नाय पाठवलं?”

“माझं सामान अजून गाडीतच आहे. ड्रायव्हर जेवून आला की आणेल.” तो हसला आणि मांसाचा काप तोंडात टाकला. “पण हे त्याच्यापेक्षा चांगलं आहे.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी कपात सरबत ओतत राहिलो. मिशनच्या लोकांनी दिलं असेल तर दिलं असेल, जहाजाला भेट म्हणून. काय फरक पडतो?

ते खाऊ लागले. डॉक्टर बिस्किटावर चीज लावून हळूहळू खात होता. थोड्या वेळानं कॅप्टन खाकरले.

“डॉक्टर, आमच्या सारंगचं बघा. हार्ट होतं. दुसरं काय नाय.”

“कॅप्टन, मी कोणाला काही नाही म्हणत नाही. पण तपासणी माझ्या पद्धतीनंच होईल. मृतदेह सोमवारी टेबलावर घेऊ.”

“सोमवारी आम्ही समुद्रात असू.”

“तर तो आमच्याकडं राहील,” कंपनीचा माणूस म्हणाला. “इथं एक स्वच्छ कबरस्तान आहे, झाडं आहेत. आम्ही दगड लावू, नाव कोरू.”

“त्या लोकांच्यात जाळतात,” कॅप्टन म्हणाले.

“तेही होऊ शकतं.” त्यानं भेंडीचा तुकडा काट्यानं उचलला. “ही छान झालीय.”

मी सरबताचं भांडं घेऊन भिंतीला टेकून उभा होतो. कोणी माझ्याकडं पाहत नव्हतं. पाहावं असं मलाही वाटत नव्हतं. फळीवर मधेच एक मोकळी जागा झाली होती, तेवढी मी पेकान सरकवून भरली.

दारावर टकटक झाली. इब्राहिम होता. त्याच्यामागं एक म्हातारी बाई. काळी, उंच, पांढरे हातमोजे, डोक्यावर टोपी, चर्चला निघाल्यासारखी. मी तिला मिशनमध्ये पाहिलं होतं. मिस रूबी. ती सगळ्यांना हनी म्हणायची, आमच्या पासष्ट वर्षांच्या सेकंड ऑफिसरलासुद्धा.

“माफ करा,” ती दारातूनच म्हणाली. “मी कुकला भेटायला आले. स्वयंपाकघरात तो नव्हता.” मग तिची नजर टेबलावर गेली.

ती आत आली. फळीकडं पाहिलं. एजंटाच्या हातात बिस्किट होतं. डॉक्टरच्या बशीत मांसाचा अर्धा काप.

“मिस रूबी!” एजंट उठून म्हणाला. सगळं बंदर तिला ओळखत असावं. “हे तुमच्या हातचं? तरीच!”

“हे तुमच्यासाठी नव्हतं, बॉबी,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “हे ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याच्यासाठी होतं.”

एजंटाचं हसू मावळलं.

“काल हा आमच्याकडं फोन करायला आला होता,” तिनं इब्राहिमकडं बोट केलं. “त्यानं सांगितलं. मी विचारलं, त्याचं इथं कोणी आहे का? म्हणाला, कुक, बायकोचा भाऊ. म्हणून घरात धुरावर टांगलेलं हॅम उतरवलं, रात्री शेंगा उकडल्या. आमच्या चर्चच्या बायकांनी बाकीचं दिलं. हे आम्ही त्याला जेवायला पाठवलं होतं.” ती माझ्याकडं वळली. “हनी, तू हे यांना वाढलंस?”

मी मान हलवली. इंग्रजी मला जेमतेम यायचं, पण हे सगळं कळलं. “मला वाटलं, जहाजासाठी आहे.”

डॉक्टरनं बशी टेबलावर ठेवली. तोंडातला घास त्यानं तसाच गिळला, रुमालानं ओठ पुसले. तो उभा राहिला. एजंटाचा चेहरा लाल झाला होता. त्यानं हातातलं बिस्किट कुठं ठेवावं म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि शेवटी फळीवर ठेवलं, जिथून उचललं होतं तिथंच.

“हा तुमचा कोण होता?” डॉक्टरनं मला विचारलं.

“माझ्या बहिणीचा नवरा. आम्ही एकाच गावचे. एकाच होडीवर मोठे झालो.”

“तो गेला तेव्हा तुम्ही तिथं होता?”

“हो, साहेब.”

“मला हे कोणी सांगितलं नाही.” तो कॅप्टनकडं बघत नव्हता. “बसा. मला सांगा.”

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, अडलं तिथं इब्राहिम मदतीला. सकाळी जना पुढच्या बाजूला दोरांच्या कामावर होता. मी त्याला चहा घेऊन गेलो. तो दोर ओढायच्या यंत्राला, विंचला टेकून बसला होता, डावा हात उजव्या हातानं चोळत. म्हणाला, भिवा, रात्रीपासून हात जड आहे. मी म्हटलं, कॅप्टनला सांगू? तो म्हणाला, चहा तर पिऊ दे. कप घेतला, एक घोट घेतला. कपाळावर घाम आला. कप माझ्या हातात परत दिला, सांडू नये म्हणून. आणि बाजूला कलला.

“याआधी कधी छातीत दुखलं होतं?”

“चढण चढला की थांबायचा. गेल्या वर्षीपासून. त्याचे वडीलही असेच गेले, जाळं ओढताना.”

डॉक्टरनं आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. मग तो माझ्याबरोबर खाली आला. मी दार उघडलं, इब्राहिमनं कॅनव्हासची शिवण सोडली. डॉक्टर बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या मिशीवर दव साचलं होतं. त्यानं तिथंच, माझ्या कणीक मळायच्या ओट्यावर, पिशवीतला कागद काढून सही केली.

“सोमवारची गरज नाही,” तो म्हणाला. “अटॅक आहे.”

कंपनीचा माणूस मागं उभा होता. त्यानं चष्मा काढून पुसला. “विमानानं पाठवायचं तर मला फोन करावे लागतील.”

“करा,” डॉक्टर म्हणाला. “मी इथं थांबतो.”

“बरोबर कोणीतरी जायला पाहिजे असेल...”

“भंडारी जातो,” कॅप्टन भरूचा म्हणाले.

“आणि तुमचा स्वयंपाक?”

“आम्ही काय लहान मुलं आहोत?” कॅप्टन एकदम ओरडले. “साला, डबे फोडून खाऊ! टंडेल भात करील! काय रे टंडेल?”

“कच्चा करीन, पण करीन,” इब्राहिम म्हणाला.

सगळे वर गेले. मी गॅलीत एकटा राहिलो. मग मिस रूबी फळी घेऊन खाली आली. दोन्ही हातांनी धरून, मोजे काढून बगलेत दाबलेले. फळी तिनं ओट्यावर ठेवली. मांसाचे काप संपले होते. चीजचा थोडा भाग, दोन-तीन भेंड्या, एक बिस्किट, आणि शेंगांचा वाडगा भरलेला, त्याला कोणी हात लावला नव्हता.

“बस,” ती म्हणाली.

मी बटाट्याच्या खोक्यावर बसलो. तिनं बिस्किट फोडलं, त्यात चीज भरलं, वर भेंडी ठेवली आणि माझ्यापुढं धरलं. मी हात पुढं केला तर तिनं दिलं नाही.

“तोंड उघड, हनी.”

मी तोंड उघडलं. तिनं घास घातला. मी चावला. चव लागली नाही. आंबट असावी, कारण जिभेच्या कडा आक्रसल्या. मी गिळला. तिनं पुढचा घास केला. मग ती समोर उभी राहून शेंगा सोलू लागली, एकेक दाणा माझ्या तळहातावर ठेवत, आणि मी खात गेलो. तिनं देवाचं नाव घेतलं नाही, रडू नको म्हणाली नाही. मी रडतही नव्हतो. वाडगा अर्धा झाला तेव्हा तिनं हात धुतले, मोजे घातले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळी गाडी धक्क्यावर आली. सगळे खलाशी खाली उतरले. सगळ्यांनी एकदम जहाज सोडायचं नाही असा नियम होता, पण कॅप्टन त्या वेळी दुसरीकडं बघत होते.

मुंबईला विमानातून उतरून जना आणि मी टेम्पोनं आलो. गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंगणात माणसं दाटली होती. पेटी उघडली. सुलू पुढं आली. तिला कोणी धरलं नव्हतं, ती स्वतःच चालत आली. वाकली, जनाच्या गालावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

मग माझ्याकडं पाहिलं. तिच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं.

“दादा, इतके दिवस ह्यांना ठेवलं कुठं होतं?”

इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं, विमानाचं, अमेरिकेचं, पेटीचं. हे फक्त तिनं विचारलं, आणि एकदाच.

“माझ्याजवळ,” मी म्हटलं. “स्वयंपाकघराला लागून.”

तिनं मान हलवली आणि गालावरचा हात काढून घेतला.